करायचा राहिलेला डोळा

बाबांचा उजवा डोळा काढावा लागला, तेव्हा भोकरच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तरी त्यांना माझ्याकडे बघावं लागेल. विचार आला आणि तिची तिलाच लाज वाटली. बापाचा डोळा गेलाय आणि लेकीला आपलंच पडलंय. पण मनात येतं त्याला कोण काय करणार? ते काही दार वाजवून येत नाही.

बापलेक दोघंही कृत्रिम डोळे करणारे. अपघातात किंवा आजारात डोळा गेलेली माणसं त्यांच्याकडे येत. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा, त्यावरून पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकची वाटीसारखी कवची घडवायची, आणि मग एका छोट्या गोल चकतीवर माणसाच्या शाबूत डोळ्याशी जुळणारं बुबुळ रंगवून ती चकती कवचीत बसवायची. घडवणं हाताचं काम, ते शिकवून येतं. रंगवणं नजरेचं. समोरच्या माणसाला खिडकीच्या उजेडात बसवून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसून, त्याच्या डोळ्यात तासन्‌तास बघावं लागतं.

बाबा त्यात पटाईत. समोरच्याला ते एवढंच म्हणायचे, “इकडे बघा. माझ्याकडे.” मग गप्प. एक बाई नवा डोळा बसवून घेऊन जाताना भोकरच्या आईला म्हणाली होती, माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण एवढं निरखून मला कुणी बघितलं नव्हतं हो. आई हसली होती. तिला तरी कुठे कुणी बघत होतं?

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या घरात अगदी मावत नव्हता. जगाच्या डोळ्यात बघणारा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या डोळ्यात कधी बघत नसे. तिच्याशी बोलायचा, पण तिच्या खांद्याशी. तिला जेवायला वाढायचा, पण ताटाकडे बघून. कधी रागावला नाही, कधी हात उगारला नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शांत बाप मिळालाय पोरीला. शांत होताच तो. विहीरही शांतच असते.

याचं कारण भोकरला आत्याने सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आणि तिच्या पोटात काही राहत नसे, हे त्या घराचं नशीब म्हणा नाहीतर दुर्दैव. बाबांचे डोळे घारे, राखाडीत जरा हिरवट. आईचे निळसर. बाळ जन्मलं तेही राखाडी डोळ्यांचं. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. बाळाला हातावर घेऊन गल्लीभर फिरले, ज्याला त्याला म्हणाले, बघा, खाण तशी माती. आणि मग महिने गेले तसे बाळाचे डोळे गडद होत गेले. लहान मुलांचे होतातच, जन्मताना रंग पुरता उतरलेला नसतो. पण हे गडद होत गेले ते थांबेचनात. वर्षाची झाली तोवर पोरगी भोकरासारखे टपोरे काळेभोर डोळे घेऊन घरभर रांगत होती. आत्यानेच कौतुकाने नाव ठेवलं, भोकर. कौतुक करणारी ती एकटीच.

नेमकं त्याच सुमारास डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी कारागिरांना बोलावून व्याख्यान दिलं. फळ्यावर चार खाने काढून दाखवले. गडद रंग जोरकस, फिका रंग दबून राहणारा. आईबापांत कुणा एकाकडून जरी गडद आला तरी मूल गडद. दोघंही फिके असतील तर त्यांच्याकडे द्यायला गडद नसतोच, म्हणून मूल फिकंच. डॉक्टर चहा पिऊन निघून गेले. बाबा ते चार खाने डोक्यात घेऊन घरी आले.

दुसऱ्या कुठल्या बापाने लेकीचं नाक बघितलं असतं, चाल बघितली असती. भोकर बाबांसारखीच डावखुरी. बारीक काम करताना त्यांच्यासारखंच जिभेचं टोक दातात धरायची. कानाच्या पाळ्या दोघांच्याही गालाला चिकटलेल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला, कुणीही सांगितलं असतं ही कुणाची ते. पण हा डोळे रंगवणारा. याला माणसात दुसरं काही दिसतच नव्हतं.

एकदाच तो बोलला. आई स्वयंपाकघरात ताटं पुसत होती, आत्या दारात होती. तो म्हणाला, “आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?” आईने हातातलं ताट पुसून पूर्ण केलं, जागेवर ठेवलं आणि दुसरं घेतलं. बोलली नाही. बोलली असती तर चोराच्या उलट्या बोंबा ठरल्या असत्या, आणि गप्प बसली तर कबुली ठरली. बाईमाणसाला अशा वेळी तिसरी वाट कुणी ठेवलेली नसते. त्यानंतर ते दोघं त्या घरात नांदले, पाहुण्यांना हसून वाढलं, दुखलंखुपलं बघितलं. फक्त तो विषय जेवणाच्या टेबलाशी चौथ्या माणसासारखा बसून राहिला.

लहानपणी बाबांच्या कारखान्यात कुणी नसताना भोकर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसायची आणि आपली आपणच म्हणायची, इकडे बघा, माझ्याकडे. एकदा तर तिने डोळ्याला फडकं बांधलं, बाबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझा डोळा गेला, नवा करून द्या. बाबा वर्तमानपत्राआडून आईला म्हणाले, हिच्या डोळ्याला काय झालंय बघ जरा. आईने येऊन फडकं सोडलं, तिला आत नेलं आणि तिचे केस विंचरत बसली. विंचरायची काही गरज नव्हती, सकाळीच वेणी घातलेली होती.

मोठी झाल्यावर तिने हेच काम धरलं. लोकांना वाटलं, बापाचा वारसा. तिला तेव्हा पक्कं माहीत होतं आपण का धरतोय ते. कामाच्या टेबलाशी तरी तो माणूस बाजूला बसेल. आणि बसला. पण टेबल खिडकीला लावलेलं. दोघांची तोंडं उजेडाकडे, खांद्याला खांदा, आणि एकमेकांकडे बघण्याचं कारणच नाही. बाबा तिच्या हातांकडे बघत. हात बघून शिकवत. रंग पातळ झाला, ब्रश उभा धर, घाई नको. आणि पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घेतली. डोळा कितीही फिका असो, चकतीवर आधी गडद थर द्यायचा. फिका रंग त्याच्यावर. खाली गडद नसेल तर घारा डोळा घारा दिसत नाही, मेलेला दिसतो. हे त्यांनी तिला शेकडो वेळा सांगितलं असेल, आणि सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय ते एकदाही ऐकू आलं नाही.

आई गेली. जाताना तिने भोकरचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली होती. बहुतेक दोघांच्या वाट्याचं बघून घेत होती.

त्यानंतर काही वर्षांनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खरं काय ते सांगितलं. त्या भोकरच्याच वयाच्या, कामानिमित्त मैत्री झालेली. चहा पिता पिता भोकरने सहज विचारल्यासारखं विचारलं, फिक्या डोळ्यांच्या आईबापांना गडद डोळ्यांचं मूल होतं का हो? बाई म्हणाल्या, होतं की. ते चार खान्यांचं गणित आम्हालाही शिकवलं होतं, पण डोळ्यांचा रंग इतका सोपा नाही. त्याच्यामागे एक जनुक नसतं, पुष्कळ असतात. कुणी रंग तयार करतं, कुणी किती करायचा ते ठरवतं. यांतलं कुठलंही अडलं तरी डोळा फिका. आणि निळा, घारा असा वेगळा रंग डोळ्यात नसतोच. सगळ्यांच्या डोळ्यात तपकिरीच असतो, कुणात इतका जास्त की काळा दिसावा, कुणात कमी. बाकीची करामत उजेडाची.

मग भोकरचा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कप खाली ठेवला आणि तिच्या भाषेत सांगितलं. “समज, तुझ्या बाबांकडे रंगाची बाटली आहे, पण ब्रश नाही. आईकडे ब्रश आहे, पण बाटली कोरडी. दोघांच्याही भिंती कोऱ्या. लेकीला बाटली बाबांकडून मिळाली आणि ब्रश आईकडून. मग ती भिंत रंगवणारच ना? रोज घडतं असं नाही. पण घडतं.”

भोकर ते ऐकून घरी आली. सांगायचं कुणाला? जिला सांगायला हवं होतं ती गेलेली. ज्याला सांगायचं तो खांद्याला खांदा लावून बसलेला, आणि ज्या विषयाचं त्या घरात कुणी नाव काढलं नव्हतं तो काढायचा कसा? आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. सगळं सांगून झाल्यावरही तो खांद्याकडेच बघत राहिला तर? मग आशा करायलासुद्धा काही उरणार नाही.

तर आता बाबांचा डोळा गेला होता. आत गाठ होती, डॉक्टरीणबाईंनीच शस्त्रक्रिया केली. जखम भरली, भोकरने साचा घेतला, कवची घडवली. राहिलं रंगवणं. बाबा म्हणाले, दुसऱ्या कारागिराकडे जातो, तुला कशाला त्रास. ती म्हणाली, लोक काय म्हणतील, डोळेवाल्याची लेक काय झोपली होती का? लोकांचा धाक बाबांना पुरायचा. ते आले आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते अगदीच लहान दिसत होते.

भोकरने नमुन्यांचा ट्रे काढला. जुन्या रंगवलेल्या चकत्या त्यात रांगेने लावलेल्या असत. प्रत्येकीच्या पाठीवर क्रमांक. त्यातली जवळची चकती डोळ्याशेजारी धरायची आणि तिथून रंगाचा अंदाज घ्यायचा, ही बाबांचीच पद्धत. राखाडी, हिरवट अशा तिने चार-पाच धरून बघितल्या. कुठलीच पुरती बसेना. मग कोपऱ्यातल्या कप्प्यात कापसावर ठेवलेली एक बिनक्रमांकाची चकती तिने उचलली. ती तिथे कायमच होती. नासलेली असेल म्हणून तिने कधी हात लावला नव्हता. शेजारी धरली आणि ती चकितच झाली. बाबांच्या डोळ्याचा तोच राखाडी, तोच हिरवट झाक असलेला काठ.

“ही जुळते,” ती म्हणाली. बाबांनी चकतीकडे एकदाच बघितलं.

ती समोर बसली. गुडघ्याला गुडघा. बाबा तिच्या खांद्यावरून खिडकीच्या चौकटीकडे बघत होते.

“इकडे बघा,” ती म्हणाली. “माझ्याकडे.”

त्यांनी तिच्या कपाळाकडे बघितलं. इतकी वर्षं चुकवलेली नजर एका हुकमाने थोडीच सरळ होते? तिने डाव्या हातात ब्रश घेतला आणि कोऱ्या चकतीवर आधी गडद थर दिला. मग फिका. मग त्यांच्या डोळ्यात नीट बघितलं. आजवर हा डोळा तिने एका बाजूने, येताजाता, चोरून बघितला होता. एवढ्या जवळून बघायची ही पहिलीच वेळ. बाहुलीभोवती तपकिरी रंगाचं बारीक कडं होतं. काठावर तीन ठिपकेही तपकिरीच. तिने ब्रशच्या टोकावर तपकिरी घेतला. रंग बनवायचा तर तिला आरशात बघायचीही गरज नव्हती, हा तिचाच तपकिरी होता.

आणि तिच्या तोंडून निघून गेलं. “बाबा, आडात होतं.”

त्यांची नजर कपाळावरच होती.

मग ती बोलत गेली. हात थांबवला नाही, तेवढाच आधार होता. चार खान्यांचं, पुष्कळ जनुकांचं, बाटलीचं आणि ब्रशचं, सगळं सांगितलं. आईला काही सिद्ध करायचं नव्हतं, कारण तिने काही केलंच नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना आवाज चिरकला तो तिने चिरकू दिला.

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“हेच. चार खाने चुकीचे होते ते. मला एका मास्तरांनी सांगितलं. त्यांचा डोळा करत होतो तेव्हा.”

“कधी?”

“तुझी आई होती तेव्हा.”

भोकरने ब्रश खाली ठेवला. उठून मोरीशी गेली, नळ सोडला आणि धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला लागली. तिला वाटलं होतं, या माणसाला ठाऊक नाही. त्या ठाऊक नसण्यावर तिने त्याला आयुष्यभर माफ करत आणलं होतं. आता ती माफीही तिच्या हातून काढून घेतली त्याने. रागाने तिचे कान तापले. निघून जावं, करू दे दुसऱ्या कुणाला याचा डोळा, काळा चष्मा घालून फिरू दे.

“मग बोलला का नाहीत?” पाठमोरीच तिने विचारलं.

“काय बोलणार होतो? की चूक झाली? इतक्या वर्षांनी?”

“हो. एवढंच.”

नळ वाहत होता. मागे खुर्ची करकरली. बाबा म्हणाले, “खाली घातलेली मान वर कशी करायची ते मला आलं नाही. रोज वाटायचं, आज करू. मग ती गेली. मग तुझ्याकडे बघायचं तर तिला उत्तर द्यावं लागेल असं वाटायला लागलं.” थांबून म्हणाले, “मी भ्याड माणूस आहे.”

याला काय म्हणायचं? नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर तीही आज-उद्या करत त्याच टेबलाशी वर्षं काढलेली. भेकडपण तरी नक्की त्यांच्याकडूनच आलं असणार, त्याला चार खाने पुरले असते. तिला एकदम हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. तिने नळ बंद केला. चकतीवरचा रंग वाळत होता, आणि अर्धवट वाळलेल्या रंगावर पुढचा थर बसत नाही. ती परत येऊन बसली.

बाबांच्या हातात ती बिनक्रमांकाची चकती होती. बोटांनी ते ती फिरवत होते.

“ही माझ्या डोळ्याची नाही,” ते म्हणाले. “तुझ्या डोळ्याची. तू पाच-सहा महिन्यांची होतीस. आईने मांडीवर धरलं होतं, मी खुळखुळा वाजवत होतो, तू बघावंस म्हणून. लहान मूल बघतं कुठे एका जागी? तीन दिवस लागले मला. मनात होतं, दर वर्षी एक करायची. कसकसे बदलतात ते बघायचं.”

भोकर ऐकत राहिली. म्हणजे तिच्याकडे बघितलं होतं. कुणीतरी तिच्यासाठी खुळखुळा वाजवला होता, आणि तो हाच माणूस होता.

“पुढची करायची राहिली,” बाबा म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला, डावा. “आण इकडे ब्रश.”

“तुमचं राहिलंय अर्धं.”

“माझं राहू दे. माझं काय, तुला आता पाठ झालंय.”

तिने कोरी चकती दिली. गडद थराचा रंग काढून दिला. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, हे त्या कारखान्यात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ब्रश चकतीवर टेकायला गेला तो तिच्या अलीकडेच हवेत थांबला. दुसऱ्यांदा काठावरून घसरला. तिने त्यांच्या मनगटाखाली आपला हात ठेवला. मग तो टेकला. वाकडा, जाडसर, शिकाऊ पोराने लावावा तसा एक ठिपका. गिऱ्हाइकासाठी असा ठिपका कुणी लावला असता, तर बाबांनी चकती फेकून दिली असती.

त्यांनी मान वर केली. आधी तिची हनुवटी, मग गाल. तिथे जरा थांबले. भोकरला वाटलं, आता जाईल नजर, खांद्याकडे जाईल. तिची इतकी वर्षांची सवय होती, तिनेच आपले डोळे खाली घातले.

“हलू नकोस,” बाबा म्हणाले. “इकडे बघ. माझ्याकडे.”

तिने बघितलं. त्यांचा उरलेला एकच डोळा वाहत होता आणि ते तो पुसत नव्हते, पुसायला नजर काढावी लागली असती. ती दुपार सगळी तशीच गेली. चकती काही धड झाली नाही. भोकरने ती राखाडी चकतीशेजारी कापसावर ठेवली.